आल्सेस-लोरेन : भूमी, राष्ट्र आणि रहिवासी

सीमेवरील एखाद्या प्रदेशासाठी दोन राष्ट्रे पिढ्यान्‌पिढ्या झगडतात, आणि ज्यांनी तो प्रदेश कधी पाहिलाही नाही असे नागरिक त्यासाठी प्राण वेचावयास सिद्ध होतात. याचा उलगडा केवळ आर्थिक वा लष्करी लाभाने होतो काय? आल्सेस-लोरेनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१० मे १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहान्वये सुमारे १४,५०० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश फ्रान्सकडून जर्मन साम्राज्याकडे गेला. व्होज पर्वत आणि मेट्झचा किल्ला यांचे लष्करी महत्त्व निर्विवाद होते. परंतु लोरेनमधील स्फुरदयुक्त लोहखनिजाचे मोल १८७८ च्या सुमारास टॉमस-पद्धतीचा शोध लागल्यानंतरच खऱ्या अर्थाने वाढले. फ्रेंचांचा शोक त्यापूर्वीचा होता. पॅरिसमधील स्ट्रासबुर्ग नगरीच्या प्रतीकमूर्तीवर ते काळे वस्त्र चढवीत, ते काही खाणी गेल्या म्हणून नव्हे.

वस्तुतः उभय पक्षांनी आपल्या राष्ट्रत्वाची व्याख्याच या भूमीवर पणास लावली होती. रहिवाशांपैकी बहुसंख्यांची बोली जर्मन, म्हणून ते जर्मन, असा एक पक्ष. त्यास फ्युस्तेल द कुलांज याने १८७० मध्ये मॉम्सेनला उत्तर देताना, आणि रेनाँने १८८२ च्या सोर्बोन येथील व्याख्यानात, लोकेच्छेचा सिद्धान्त सामोरा केला. अशा स्थितीत प्रदेश सोडणे म्हणजे आपण कोण याविषयीचा स्वतःचा दावाच सोडणे होय. दूरस्थ नागरिकाची तळमळ येथून उगम पावते.

मात्र प्रत्यक्ष रहिवाशांची भूमिका इतकी एकरंगी नव्हती. १८८७ मध्ये त्यांनी राइखस्टागच्या सर्व १५ जागांवर विलीनीकरणाचे विरोधक निवडून दिले. पुढे विरोधाची धार ओसरली, स्वायत्ततेची मागणी बळावली आणि १९११ मध्ये मर्यादित स्वरूपाची राज्यघटना मिळाली. १९१८ मध्ये फ्रेंच सैन्याचे उत्साहाने स्वागत झाले. तथापि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या हाइमाटबुंडने फ्रान्सकडेही स्वायत्तताच मागितली.

सर्वांत बोलकी गोष्ट ही की, सार्वमत १८७१ मध्ये जर्मनीने घेतले नाही आणि १९१८ नंतर लोकेच्छेचा पुरस्कार करणाऱ्या फ्रान्सनेही घेतले नाही. भूमीवरील राष्ट्राचे प्रेम खोटे नसते. पण त्या प्रेमाच्या भरात भूमीवर राहणाऱ्या माणसास प्रश्न विचारावयाचे राहून जाते.