लॅम्डाच्या जोड्या आणि ०.६४२ चा आकडा

स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात गाड्या लावायची एक मोकळी जागा होती. १९७० साली तिथे एक यंत्र उभं राहू लागलं. बर्टन रिक्टर यांनी त्यासाठी सरकारदरबारी बरेच खेटे घातले होते. वेगळा पैसा मंजूर होईना, तेव्हा केंद्राच्या नेहमीच्या खर्चातच काम भागवलं. या ‘स्पिअर’मध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन उलट दिशांनी फिरत आणि समोरासमोर आदळत.

१० नोव्हेंबर १९७४, रविवार. टकरीची ऊर्जा थोडी थोडी बदलत असताना ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास नोंदी एकदम शंभरपट वाढल्या: एक नवा कण सापडला होता. ब्रूकहेवनला सॅम्युएल टिंग यांच्या गटालाही तोच कण सापडला होता. दोन्ही गटांनी दिलेल्या नावांची सांगड घालून तो ‘जे/साय’ झाला: चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी, म्हणजेच चार्मोनियम. १९७६ चं नोबेल दोघांनी वाटून घेतलं.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. पुढचं मोजदादीचं काम किचकट, म्हणून ते मागे पडतं.

जे/साय मोडला की बहुधा पायॉनसारखे हलके कण बाहेर पडतात. प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन अशी बॅरिऑनांची (तीन क्वार्कांच्या कणांची) जोडी हजारात जेमतेम दोनदा मिळते. लॅम्डा हाही बॅरिऑनच; लॅम्डा-प्रतिलॅम्डाची जोडीही साधारण तितकीच. त्यातून लॅम्डावर विद्युतभारच नाही, त्यामुळे संवेदकात त्याचा माग उमटत नाही. काही सेंटिमीटर गेल्यावर तो फुटतो, आणि तीनात दोन वेळा त्यातून प्रोटॉन आणि पायॉन निघतात. रिकाम्या जागेतून अचानक दोन वक्र रेषा फुटलेल्या दिसतात. समोरच्या बाजूला प्रतिलॅम्डाचा तसाच फाटा. चारही कणांची ऊर्जा आणि संवेग यांचा हिशेब जे/सायशी जुळला, तरच ती जोडी धरायची.

या लॅम्डाशी मुंबईचंही नातं आहे. १९५० साली मेलबर्नमध्ये हॉपर यांच्यासोबत त्याचा पुरावा मांडणारे सुकुमार बिश्वास पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

फुटताना प्रोटॉन लॅम्डाच्या स्पिनच्या दिशेला किती झुकतो, हे एका आकड्याने सांगतात. १९६३ साली क्रोनिन आणि ओव्हरसेथ यांनी प्रोटॉन कार्बनच्या पट्ट्यांवर आदळवून तो काढला. पुढे आणखी प्रयोग झाले आणि कोष्टकात ०.६४२ पक्का बसला. लॅम्डाचं ध्रुवीकरण मोजणारे सगळे डोळे झाकून तोच वापरत.

त्याला धक्का बसला बीजिंगमधून. तिथल्या यंत्राची पायाभरणी ऑक्टोबर १९८४ मध्ये चीनचे नेते डंग श्यावफिंग यांच्या हातून झाली होती आणि १९८८ च्या ऑक्टोबरात पहिली टक्कर झाली. तिथल्या ‘बेस-३’ प्रयोगाने १३१ कोटी जे/साय कणांतून सुमारे ४ लाख २० हजार लॅम्डा-जोड्या निवडल्या. जोडीतले दोन्ही स्पिन एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे कार्बनची गरजच उरली नाही. दोन्ही फाट्यांचे कोन एकत्र तपासले की पुरे. २०१९ मध्ये उत्तर आलं ०.७५०, म्हणजे जुन्यापेक्षा तब्बल १७ टक्क्यांनी जास्त!

एवढा फरक पाहून शंका येणारच. २०२२ मध्ये १,००० कोटी जे/सायमधल्या ३२ लाख जोड्यांवर मोजणी पुन्हा झाली आणि आकडा ०.७५२ च्या घरातच राहिला. प्रतिलॅम्डाचा आकडाही त्याच वेळी काढला होता. चिन्ह सोडलं तर त्रुटीच्या मर्यादेत दोघांत तफावत आढळली नाही.