मधुमेहजन्य मज्जातंतू-हानीचे पूर्वनिदान : एक ऐतिहासिक आढावा

मधुमेह व मज्जासंस्था यांच्या संबंधाचा इतिहास म्हणजे कारण व परिणाम यांची अदलाबदल होण्याचा इतिहास होय. १८४९ मध्ये क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचून त्याच्या मूत्रात साखर उत्पन्न झाल्याचे दाखविले. साहजिकच मधुमेहाचे मूळ मज्जासंस्थेत शोधले जाऊ लागले. १८६४ मध्ये मार्शाल द काल्वी यांनी मात्र मज्जातंतूंची हानी हा मधुमेहाचा परिणाम असल्याचे प्रतिपादन केले. त्यामुळे या हानीच्या खुणा मधुमेही रुग्णांतच शोधणे अर्थपूर्ण ठरले. १८८४ मध्ये बुशार यांनी गुडघ्याचा प्रतिक्षेप लोपल्याचे, तर १८९० मध्ये ब्रून्स यांनी मांडीच्या स्नायूंच्या दुर्बलतेचे निरीक्षण नोंदविले. पुढे विसाव्या शतकात तळपायाच्या संवेदनेची परीक्षा १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने होऊ लागली; परंतु तो तंतू जाणवेनासा होतो तेव्हा हानी बरीच पुढे गेलेली असते. १९९३ मध्ये अमेरिकेतील एका दीर्घ चाचणीने, इन्सुलिनावलंबी रुग्णांत रक्तशर्करेच्या काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतू-विकार सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे सिद्ध केले. त्यामुळे पूर्वनिदानास उपचाराचे प्रयोजन लाभले. बधिर पायाची जखम दुखत नाही, म्हणूनच ती चिघळते. तक्रार नसलेल्या रुग्णाचाही पाय तपासावा, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.