नागपूरच्या वाटेवरील गारवा

ज्या शहराच्या अंगणातून देशाचे दोन मोठे राजमार्ग, एक उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि दुसरा पूर्वेकडून पश्चिमेकडे, एकमेकांस छेद देऊन जातात, आणि ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी त्याची कोणी विशेष वार्ता करीत नाही, त्या नागपुरातील प्रवाशास वाटेत पाणी व अन्न गार कसे राखावे हा प्रश्न आजच पडला असे मानता येत नाही. हल्ली मोटारव्हॅनमध्येच बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून पेंच, ताडोबा, नवेगाव, मेळघाट ह्या अरण्यांच्या दिशेने हिंडणारी मंडळी येथेही दिसू लागली आहेत. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरविल्यामुळे ह्या छंदास सरकारी मान्यतेचा शिक्काही मिळाला. ह्या मंडळींत वाद निघतो तो बहुधा एकाच गोष्टीवरून: व्हॅनमध्ये फ्रीज कोणता घ्यावा? ह्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या छापील पत्रकात जितके सापडते त्याहून अधिक ह्या मुलखाच्या इतिहासात सापडते, असे माझे मत आहे.

गार पाण्याचा राजाश्रय जुना आहे. अबुल फजलाने ऐन-ए-अकबरीत बादशहाच्या आबदारखान्याचे जे वर्णन केले आहे त्यात सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती मापासकट दिलेली आढळते: एक शेर पाणी जस्ताच्या किंवा रुप्याच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करावे, अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात विरघळवावा, आणि त्या मिश्रणात ती सुरई पाव तास फिरवावी. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, एवढेच ह्या कृतीमागील रहस्य. परंतु ज्या पदार्थाने तोफेची दारू पेटते त्याच पदार्थाने बादशहाची तहान शमावी ह्यात त्या काळच्या माणसास केवढा अचंबा वाटला असेल! मराठी राज्यातील अठरा कारखान्यांच्या यादीतही आबदारखान्याचे नाव येते. मात्र हा सरंजाम सरदाराच्या डेऱ्यापुरता होता. १७४२ पासून रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जाऊ लागल्या तेव्हा त्यांतील सामान्य शिपायाच्या वाट्याला सोरा येणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी पखाल असे. आणि पखालीचे कातडे सतत पाझरत असल्यामुळे, कोणी मुद्दाम तजवीज केली नसली तरी, आतील पाणी उन्हातही निवत असे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि प्रवासाची एक नवी व्यवस्था सुरू झाली, ती म्हणजे साहेबाचा दौरा. तंबू, खानसामा, भिस्ती, रसदीसाठी आधी धावलेले चपरासी, आणि गावोगावच्या पाटलांची तारांबळ असा हा लवाजमा असे. पण दौरा निघे तो थंडीच्या दिवसांत, म्हणजे ज्या ऋतूत गारव्याची गरजच कमी. उन्हाळ्यावर प्रांतिक सरकारने निराळाच तोडगा काढला होता. गारवा आपल्याकडे आणण्याऐवजी सरकारच आपल्या दफ्तरासह पचमढीच्या डोंगरावर जाऊन बसे. शीतकरणाचा एवढा खर्चिक प्रकार क्वचितच दुसरा कोणी योजला असेल. मागे राहिलेल्या कारकुनांसाठी वाळ्याचे तट्टे, त्यांवर पाणी शिंपडणारा नोकर आणि दोरीने ओढावयाचा पंखा एवढाच बंदोबस्त होता. त्याच सुमारास छावण्यांतून थर्मँटिडोट नावाचे एक धूड वापरात असे: लाकडी पेटीत हाताने फिरवावयाचा पंखा आणि पेटीच्या बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या. आज नागपुरात घरोघरी खिडकीला जो कूलर घरघरत असतो त्याचे हे पूर्वज होय. फक्त दांडा फिरविणाऱ्या मजुराच्या जागी विजेची मोटार आली.

ह्या सर्व उपायांमागील तत्त्व एकच आहे आणि ते नागपूरच्या हवेस विशेष मानवते. एक शेर पाणी वाफ होऊन हवेत विरताना जेवढी उष्णता शोषून नेते तेवढी शोषण्यास सुमारे सात शेर बर्फ वितळावे लागते. हवा जितकी कोरडी तितके हे विरणे जलद. म्हणून मुंबईत ज्या माठातील पाणी जेमतेम निवते तोच माठ वैशाखात नागपूरच्या ओसरीवर ठेवला असता त्यातील पाणी दाताला गार लागते. पारा ४५ वर असला आणि हवा खडखडीत कोरडी असली तर ओल्या कापडाचे तापमान २२-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे ज्या उन्हाने माणूस हैराण होतो तेच ऊन, थोड्या पाण्याच्या मोबदल्यात, त्याला वीस अंशांची सूट देते.

प्रवासात ही सूट वसूल करण्याचे साधन म्हणजे छागळ. जाड, घट्ट विणीच्या किंतानाची ती पिशवी, तिच्या एका कोपऱ्याला बुचाचे तोंड, वर धरावयास दांडी. नवी छागळ आणली की ती प्रथम नुसती गळत राहते, आणि अनभिज्ञ माणूस ती दुकानदाराकडे परत न्यावयास निघतो. परंतु एक-दोन दिवस पाण्यात भिजू दिली म्हणजे धागे फुगतात, विणीतील छिद्रे बुजत येतात, आणि मग पाणी गळत नाही, केवळ पाझरते. हा पाझर हेच तिचे यंत्र. ती बैलगाडीच्या दांडीला, पुढे आगगाडीच्या खिडकीच्या गजाला आणि त्याहीपुढे जीपच्या व ट्रकच्या आरशाला टांगली जाई, आणि ती सावलीच्या बाजूस परंतु वाऱ्याच्या झोतात टांगावी एवढे शास्त्र प्रत्येक गाडीवानास ठाऊक असे. गाडी जितकी वेगाने धावेल तितके पाणी अधिक गार. प्रवासाच्या वेगातूनच प्रवाशाचे पाणी थंड करणारे, इंधन नाही, कळ नाही, दुरुस्ती नाही असे हे उपकरण शंभर टक्के निर्दोष मात्र नव्हते. त्यातील पाण्याला किंतानाचा वास येई, पाणी रोज थोडे उडून जाई, आणि दूध किंवा शिजवलेले अन्न टिकविण्यास लागणारा चार-पाच अंशांचा गारवा त्याच्या आवाक्यात कधीच नव्हता.

तो गारवा दुसऱ्या परंपरेतला, परक्या ठिकाणाहून वाहून आणलेला. ह्या दृष्टीने १८३४ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या आदल्याच वर्षी बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ जहाजावर १८० टन बर्फ चढवून कलकत्त्यास पाठविले होते आणि चार महिन्यांच्या सफरीनंतर त्यातील सुमारे १०० टन शाबूत उतरले होते. १८३४ च्या सप्टेंबरात मुंबईलाही अमेरिकेतील तळ्यांचे हे बर्फ पोचले. जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले अशी बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली. त्याच वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्सने वायू दाबून पुन्हा प्रसरण पावू देणाऱ्या शीतयंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये पेल्तिए ह्याने दोन धातूंच्या सांध्यातून वीज वाहू दिली असता एक बाजू तापते व दुसरी निवते हे दाखविले. आज व्हॅनवाल्यापुढे जे फ्रीज मांडले जातात त्यांपैकी दोहोंची जन्मपत्रिका अशी त्या एकाच सालची आहे.

नागपुराला ह्यातले काही लवकर लाभले नाही. मुंबईपासून पाचशे मैलांवर, कापसाच्या गोण्या बैलांच्या पाठीवरून महिना-महिना वाट तुडवीत जाण्याच्या त्या काळात बर्फ येथवर शिल्लक कसे राहणार? १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोचली तेव्हाच हे अंतर आटोक्यात आले. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, आणि कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून खात्यांत हवा ओलसर राखणारी यंत्रे बसविली. देशातील गिरण्यांत ती पहिलीच म्हणून सांगतात. वाळ्याच्या तट्ट्याचे हे औद्योगिक भावंडच म्हणावयाचे, जरी ते मजुराच्या सुखासाठी नसून धाग्याच्या सुखासाठी होते.

पुढे देशातच यंत्राने बर्फ होऊ लागले, अमेरिकेचा व्यापार बुडाला, आणि उन्हाळ्यातील रेल्वेप्रवासात पहिल्या वर्गाच्या डब्यात जस्ताच्या टपात बर्फाची लादी ठेवून तिच्यावर पंख्याचा झोत सोडण्याची पद्धत रूढ झाली. पुढच्या मोठ्या स्थानकावर लादी विरघळून टपात पाणीच उरलेले असे आणि नवी लादी घ्यावी लागे. १९३४ मध्ये फ्राँटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला तोही बर्फाच्याच लाद्यांवर. १९२९ मध्ये सुरू झालेली ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस नागपूरवरून जात असे. तिच्या तिसऱ्या वर्गाच्या गजांना मात्र छागळीच लोंबत असत. एकाच गाडीत दोन्ही परंपरा धावत होत्या, भाड्याच्या तफावतीसह.

फ्रीज ही वस्तू प्रवाशाकडे फार उशिरा आली. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटेर्स ह्यांनी, एकही फिरता भाग नसलेला, केवळ ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा फ्रीज सिद्ध केला, आणि वीज न पोचलेल्या बंगल्यांतून व दवाखान्यांतून रॉकेलवर जळणारे त्या जातीचे फ्रीज आपल्याकडेही आले. १९५८ मध्ये गोदरेजने देशी फ्रीज बाजारात आणला. तो घरातील दिवाणखान्याची शोभा वाढवीत एका जागी उभा राहिला. प्रवासास निघालेल्या कुटुंबाबरोबर अजूनही सुराही आणि थर्मासच जात असे.

आता व्हॅनचा प्रश्न. ज्योतीवर चालणारा फ्रीज सपाट जमिनीवर नीट उभा नसेल तर काम करीत नाही, शिवाय बंद गाडीत ज्योत पेटती ठेवणे हे झोपणाऱ्यास परवडणारे नव्हे. पेल्तिए-तत्त्वावरील स्वस्त पेटी बाहेरच्या हवेहून फार तर वीसेक अंश खाली जाते. ४५ अंशांच्या दुपारी ती २५ वर येऊन थांबते, म्हणजे बॅटरी रिकामी करून छागळीची बरोबरी करते. नागपुराहून मे महिन्यात निघणाऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये, हे मी निःशंकपणे सांगतो. उरतो पर्किन्सच्या वंशातील, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज. त्याचीही परीक्षा घेऊनच तो घ्यावा, कारण फ्रीजवर जो हवामानवर्ग छापलेला असतो त्यातील ‘उष्णकटिबंधीय’ हा सर्वांत वरचा वर्गसुद्धा ४३ अंशांपर्यंतच हमी देतो, आणि पत्र्याची बंद व्हॅन उन्हात उभी असता आतील पारा ती मर्यादा केव्हाच ओलांडतो. म्हणून पाठीमागे व बाजूस गरम हवा निघून जाण्यास मोकळी जागा सोडावी, आणि शक्य तर वरून उघडणारी पेटी पसंत करावी. समोरून दार उघडले की जड असलेली थंड हवा पायांवर सांडते, वरून उघडणाऱ्या पेटीत ती बसून राहते.

हिशेबही करून पाहावा. ५० वॅटचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला तर दिवसाला ६०० वॅट-तास खातो, आणि १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून, तिला इजा न करता, निघतात तेही साधारण तेवढेच. अशा तुटपुंज्या शिध्यावर पिण्याचे पाणी गार करीत बसणे हा अपव्यय होय, कारण दहा लिटर पाणी ४० वरून १० अंशांवर आणावयाचे तर ३०० किलोकॅलरी उष्णता उपसावी लागते. दूध, दही, भाजी, औषधे फ्रीजमध्ये ठेवावीत. पाणी आरशाला टांगलेल्या छागळीवर सोपवावे, म्हणजे झाकणही वारंवार उघडावे लागत नाही. ही वाटणी जूनच्या मध्यापर्यंत उत्तम चालते. मृगाच्या सरी आल्या की हवा दमट होऊन छागळ निकामी ठरते, परंतु पारा उतरल्यामुळे फ्रीजवरील भारही हलका होतो. अडचण एवढीच, की छपरावरील सौरफलक नेमका त्याच आठवड्यात ढगाखाली जातो.