स्कूटर एंजिनातील झडपांचे समायोजन
चार-धावी एंजिनातील झडपा व त्या उघडणारी यंत्रणा यांमधील सूक्ष्म फट योग्य मापाची करणे, यास झडपांचे समायोजन म्हणतात. इटलीत १९४६ मध्ये निघालेल्या व्हेस्पा स्कूटरला त्याची गरज नव्हती. तिच्या दोन-धावी एंजिनात दट्ट्याच सिलिंडरातील द्वारांची उघडझाप करी. पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ मध्ये आलेली चेतकही दीर्घकाळ दोन-धावीच होती. मात्र अशा एंजिनातून काही इंधन न जळताच बाहेर पडते. प्रदूषणाचे निर्बंध कडक होत गेले, तसे चार-धावी एंजिन पुढे आले. आकुर्डीहूनच १९९८ मध्ये लेजंड ही चार-धावी स्कूटर निघाली.

समायोजन एंजिन थंड असताना करतात. संपीडन धावेच्या शेवटी दट्ट्या वरच्या टोकास आणला म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. मग फटीत मापक पाती सरकवून समायोजक स्क्रू फिरवितात. ही फट सामान्यतः ०·०५ ते ०·१५ मिमी. असते. ती वाढल्यास टकटक ऐकू येते व झडप पुरेशी उघडत नाही. फट फार कमी झाल्यास तापून लांबलेली झडप बैठकीवर नीट टेकत नाही. तिची उष्णता बाहेर जात नाही व ती जळते. हा दोष आवाज करीत नसल्याने अधिक घातक ठरतो.