वेडिंग प्लॅनर : लग्नघराच्या विश्वासावर उभे राहणारे करिअर

लग्नकार्य हे एकेकाळी साऱ्या भावकीचे काम असे. याद्या करण्यापासून पंगतीत वाढण्यापर्यंत आणि जानवसघरी चहा पोहोचवण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक जबाबदारी घरातलेच कोणी तरी उचलत असे. कुटुंबे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त परगावी व परदेशी गेली, तशी ही जबाबदारी व्यावसायिकांकडे येऊ लागली. त्यातूनच ‘वेडिंग प्लॅनर’ हे करिअर आकाराला आले. २०१० मधील ‘बँड बाजा बारात’ या हिंदी चित्रपटाने हा व्यवसाय घरोघरी परिचित केला. मात्र, पडद्यावरील झगमगाटापेक्षा प्रत्यक्षातील काम अधिक शिस्तीचे आणि हिशेबाचे आहे.

कामाचे स्वरूप

अंदाजपत्रक तयार करणे, मंगल कार्यालय ठरवणे, मांडव, फुलांची सजावट, आचारी, छायाचित्रकार, सनई-चौघडा, गुरुजी, पाहुण्यांचा निवास व वाहने या सर्वांचा मेळ घालणे हे नियोजकाचे मुख्य काम. लग्नाच्या दिवसाचे वेळापत्रक मुहूर्तापासून उलटे आखावे लागते. मुहूर्त सकाळी ११ वाजून ५० मिनिटांचा असेल, तर त्याआधी गौरीहर पूजन आटोपलेले हवे. त्यासाठी वधूची तयारी किती वाजता सुरू व्हावी, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे लागते. वीज गेल्यास जनरेटर, अवकाळी पाऊस आल्यास पर्यायी जागा यांची तजवीजही आधीच करावी लागते. चुकलेला मुहूर्त परत आणता येत नाही.

सुरुवात कशी करावी?

या व्यवसायासाठी विशिष्ट पदवीची अट नाही. इव्हेंट मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम उपयुक्त ठरतात. पण एक-दोन हंगाम अनुभवी नियोजकाकडे उमेदवारी करणे अधिक मोलाचे. त्यानंतर बारसे, मुंज, साखरपुडा अशी लहान कार्ये स्वतंत्रपणे घ्यावीत. वेगवेगळ्या समाजांच्या विवाहविधींची माहिती, संवादकौशल्य आणि रागावलेल्या व्याह्यांपुढेही शांत राहण्याचा स्वभाव आवश्यक आहे. परंपरेनुसार चातुर्मासात लग्ने टाळली जातात आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो. त्यामुळे मधल्या काळात वाढदिवस, षष्ट्यब्दीपूर्ती, कंपन्यांचे कार्यक्रम अशी कामे हाती असावीत.

मानधन आणि पारदर्शकता

एकूण खर्चाच्या ठरावीक टक्केवारीने किंवा ठोक रकमेने मानधन घेण्याची पद्धत आहे. याखेरीज सजावटकार, आचारी आदींकडून कमिशन घेण्याची तिसरी वाटही या व्यवसायात रूढ आहे, आणि नवोदिताची खरी कसोटी इथेच लागते. हे कमिशन लपवले, तर ते अखेर वाढीव बिलाच्या रूपाने यजमानांच्या माथी बसते. अनेक घरांत लग्नासाठी आयुष्यभराची शिल्लक खर्ची पडते, प्रसंगी कर्जही काढले जाते. अशा घराचा विश्वास एकदा उडाला, की त्यांच्या नातेवाइकांतील पुढची सर्व कामे हातची जातात. कारण या व्यवसायाची खरी जाहिरात तोंडोतोंडीच होते. म्हणून मानधन आधीच स्पष्ट सांगावे, प्रत्येक बिल यजमानांना दाखवावे आणि कामाची व्याप्ती, हप्ते व रद्द झाल्यास परतावा यांचा लेखी करार करावा. स्वतःच्या पैशांतून इतरांचा विसार भरणेही टाळावे.

कायद्याचे भान

बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ नुसार वधूचे वय किमान १८ व वराचे २१ वर्षे असावे लागते. बालविवाह पार पाडणाऱ्या किंवा त्यास साहाय्य करणाऱ्या व्यक्तीस २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे काम स्वीकारतानाच वयाचे पुरावे पाहावेत. खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. आचाऱ्याकडे अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी अथवा परवाना असल्याची खात्री करावी. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते.

भांडवल थोडे असले तरी या क्षेत्रात प्रवेश करता येतो. टिकून राहण्यासाठी मात्र वक्तशीरपणा आणि चोख हिशेब यांना पर्याय नाही. वधूपित्याला मांडवात निश्चिंतपणे बसता आले, तर नियोजकाला पुढचे काम त्याच मांडवात मिळते.