उत्तरार्धाची उपेक्षा

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण सोडल्यानंतर आणि नागोठणे येण्यापूर्वी कासू हे लहानसे स्थानक लागते. भातखाचरांच्या या पट्ट्यातील आगरी-कुणबी समाजांत, ज्या काळी शास्त्री-पंडितांच्या घरांतून पुनर्विवाहाचा नुसता उच्चारही पातक मानला जाई त्या काळी, वैधव्य आलेल्या किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीचा पाट लावून तिला पुन्हा संसारात आणण्याची रीत रूढ होती. मराठी मुलखात ही रीत सरकारदरबारी इतकी परिचित होती की मराठेशाहीच्या जमाबंदीत लग्नटक्क्याच्या जोडीला पाटदाम नावाची स्वतंत्र बाब असे. पाटाला पहिल्या लग्नाचा थाट नव्हता, मानही नव्हता. परंतु मोडलेला संसार पुन्हा मांडता येतो, हे लोकव्यवहाराने निःशंकपणे स्वीकारले होते.

आमच्या अभिजात प्रेमकथांच्या मराठी अवतारांनी मात्र ही निःशंकता दाखवली नाही. रघुनाथ पंडितांचे नलदमयंतीचे आख्यान, श्रीहर्षाच्या नैषधीय काव्याचा आधार घेऊन, हंसाच्या दौत्यात आणि स्वयंवराच्या सोहळ्यात रमते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रथम पहिले चारच अंक झाले. म्हणजे त्या रात्री प्रेक्षकांनी शकुंतलेचे प्रेम पाहिले, तिची सासरी पाठवणी पाहिली, पण भर राजसभेतील तिचा अव्हेर आणि अखेरचे पुनर्मीलन पाहिले नाही. उरलेले अंक पुढे यथावकाश आले हे खरे. तरीही रसिकांच्या स्मरणात आजवर ठसून राहिला तो पूर्वार्धच, असे मला वाटते.

आणि या कथांचे सारे तेज तर उत्तरार्धात आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान वाचावे: द्यूतात राज्य गमावलेला नल निजलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र फाडून घेऊन तिला अरण्यात एकटी टाकून जातो, आणि पुढे कर्कोटकाच्या दंशाने विरूप होऊन बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचे सारथ्य पत्करतो. माहेरी कुंडिनपुरास पोचलेली दमयंती मात्र स्वस्थ बसत नाही. ती ब्राह्मणांकरवी त्याचा माग काढते आणि सुदेवाच्या मुखाने ऋतुपर्णाला कळवते की उद्या सूर्योदयी तिचे दुसरे स्वयंवर आहे. ही तिची युक्ती होती. परंतु विवाहित आणि दोन लेकरांच्या आईचे दुसरे स्वयंवर ऐकून तो राजा, हे अशक्य आहे, असे म्हणत नाही, तत्काळ रथ जोडावयास सांगतो! बाहुक आल्यावरही ती धावत जात नाही: केशिनी दासीकडून त्याची पारख करवते, त्याने रांधलेल्या अन्नाची चव घेऊन पाहते, मुलांना त्याच्यासमोर नेववते, आणि मग त्याला समोर बोलावून विचारते की निरपराध पत्नीला निर्जन वनात टाकून जाणारा पुरुष दुसरा कोणी त्याने पाहिला आहे काय. तिचा हा जाब आधी आहे, मीलन मागाहून.

महाभारतातील शकुंतलाही अशीच सभेत दुष्यंताला खडसावते, कारण तो सारे स्मरत असूनही तिला नाकारतो. कालिदासाने शापाची आणि मुद्रिकेची योजना करून राजाचा अपराध सौम्य केला. काव्य त्याने उंचावले, पण शकुंतलेच्या हातचा न्याय गेला. आजचे कादंबरीकार आणि चित्रपटकार जुन्या प्रेमकथांना नवा वेष देताना दुरावलेल्या जोडप्याची दुसरी भेट पुनःपुन्हा रंगवतात, जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन'चीही अशी रूपांतरे होत असतात. मात्र विरहाचे चार मधुर प्रसंग झाले की क्षमा जणू आपोआप घडते. हा दोष मला गंभीर वाटतो.

कासूच्या या मार्गाच्या शेवटी रोहा आहे. तेथे बालपण घालवलेल्या चिंतामणराव देशमुखांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले. १९४९ मध्ये त्यांच्या पत्नी रोझिना निवर्तल्या, आणि १९५३ मध्ये, देशाचे अर्थमंत्री असताना, त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई आठव्या वर्षी विवाहबद्ध झालेल्या आणि पुढे त्या बंधनातून परस्परसंमतीने बाहेर पडलेल्या विदुषी होत्या. जुन्या जोडप्याचे हे पुनर्मीलन नव्हे, हे उघड आहे. परंतु एकदा खंडित झालेल्या आयुष्यास दुसरा प्रारंभ असतो, याचा याहून लखलखीत दाखला या मुलखाने दिलेला मला ठाऊक नाही. कुटुंबातील कलहांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत असा आग्रह दुर्गाबाईंनी धरला होता; तसा कायदा १९८४ मध्ये झाला, आणि त्याच्या हेतूंत समेटाला पहिले स्थान आहे.

पाटदामाची नोंद दफ्तरात राहिली. ज्यांचे पाट लागले त्या स्त्रियांचे बोलणे कोणी लिहून ठेवले नाही. पेण-रोह्याकडच्या लिहित्या तरुणांना माझी विनंती आहे की जुन्या प्रेमकथा नव्याने सांगण्यास बसण्यापूर्वी त्यांनी आपल्या गावच्या वृद्ध स्त्रियांना पाटाविषयी विचारावे आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.