सुधारशाळेपासून बालन्यायापर्यंत

खडकीहून होळकर पुलावरून मुळा ओलांडली की आपण येरवड्याच्या वाटेला लागतो. येरवडा म्हटले की तुरुंग आठवतो; तिथे मुलांची सुधारशाळाही होती, हे सहसा आठवत नाही.

गुन्हा करणाऱ्या मुलाला कोठडीऐवजी कामधंदा शिकवावा, हा विचार आपल्याकडे १८५०च्या उमेदवारी कायद्यात दिसतो. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १९२४ साली मुंबई इलाख्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. २०००च्या कायद्याने मुलगे व मुली दोघांनाही अठराची मर्यादा लावली.

मग २०१२ची दिल्लीतील घटना घडली. लोकक्षोभानंतर आलेल्या २०१५च्या कायद्यानुसार, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासते. खटला प्रौढांप्रमाणे चालू शकतो. तरीही एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात नव्हे, सुरक्षित स्थळी ठेवतात. नंतर तो किती सुधारला हे न्यायालय पाहते.

मे २०२४मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला. सतरा वर्षांच्या आरोपीला निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा पुणेकर संतापले. तो संताप समजण्याजोगा होता.

मेंदूविज्ञान सांगते, की आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून जबाबदारी संपत नाही; शिकण्याची शक्यता मात्र उरते. मुलगा कधीतरी आपल्याच गल्लीत परतणार. तो कसा परतेल, यावरच आपली सुरक्षितता ठरते. वर्गात चर्चा याच प्रश्नावर व्हावी.